बकरी बांधलेला पंप

इनास अंकलनी तुम्हाला एखादी भेट दिली, तर ती जपून ठेवा. वर्षभराने ते तपासायला येतात.

आम्ही वसईजवळ गिरीजला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला शेजारच्या वाडीतून हे उंच, काटकुळे गृहस्थ प्रेशर कुकर घेऊन आले. आमच्याकडे कुकरांची आधीच रांग होती, म्हणून मी तो यथावकाश डोंबिवलीच्या नणंदेकडे रवाना केला. वर्षाने दारावरची बेल वाजली.

"टीचर, कुकर चालतो?"

"छान चालतो की!"

"मग एक शिटी ऐकवा."

आणि सोफ्यावर ऐसपैस बसले. मी गुपचूप माझा जुना कुकर चढवला. शिटी झाली. अंकलनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "ही आमची नाय. आमची बारीक होती." मग जराही न रागावता विचारलं, "कुठे बांधली बकरी?"

मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. पण गिरीजमध्ये ही बकरी सगळ्यांना ठाऊक आहे.

अंकल निवृत्त होईपर्यंत दिल्लीच्या एका मंत्रालयात होते. आपलं सरकार दुसऱ्या देशांना जी मदत देतं, ती बघणाऱ्या खात्यात. आफ्रिकेतल्या एका खेड्यात आपण हातपंप बसवला. फीत कापली, फोटो निघाले, दिल्लीत 'काम पूर्ण' असा शेरा पडला. पुढे कधीतरी अंकल त्याच रस्त्याने जात होते, म्हणून सहज डोकावले. पंप नव्यासारखा चकचकीत होता आणि त्याच्या दांड्याला एक बकरी बांधलेली होती. बायका शेजारून डोक्यावर हंडे घेऊन ओढ्याकडे चालल्या होत्या. पंपाचा दांडा इतका जड, की तो ओढायला दोन गडी हवेत. आणि तिथे पाणी भरतात बायका. हे त्या बायकांना आधी विचारायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

"आणि आमचे साहेब तपासायला गेले होते, तेव्हा काय सांगितलं माहितीय? उत्तम चालतो! वर कोंबडी कापून जेवायला घातलं."

त्या दिवसापासून अंकलनी खात्यात धोशा लावला. किती पंप दिले ते मोजू नका, किती चालतायत ते मोजा. देण्याआधी विचारा, फोटो निघाल्यावर परत जा. साहेब बदलले, सरकारं बदलली, प्रत्येकाने 'नोंद घेतली'. अंकल निवृत्त झाले, पण धोशा निवृत्त झाला नाही. दिल्लीत कोणी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी तो गिरीजमध्ये सुरू केला. आता ते आळीत दिसले की घराघरांत माळ्यावरून वस्तू खाली येतात. टोस्टर पुसले जातात. कोणी घाईघाईने पावाचे तुकडे त्यात सारतं. अंकल ते जळकं टोस्ट शांतपणे खातात आणि म्हणतात, "पाहुणा आला म्हणून चाललं, ते चालणं नाय."

यंदा चक्क दिल्लीचा फोन आला. परदेशी मदतीची आखणी आणि मोजणी बदलायला समिती नेमली होती, आणि अंकलचे नियम आता त्यांना हवे होते. अंकलनी दिल्लीला येऊन वर्षभर राहावं, असं आमंत्रण होतं. आयुष्यभर ज्यासाठी डोकं आपटलं ते दारात आलं. अंकलनी त्याच दिवशी सुटकेसला ऊन दाखवलं.

आणि दोनच दिवसांनी ते माझ्याकडे पडलेल्या चेहऱ्याने आले.

"टीचर, माझ्या नियमात भोक हाय. मी लिहिलं, देणाऱ्याने परत जाऊन विचारावं. पण देणाऱ्याला खरं कोण सांगणार? तुम्ही मला कुकरचं सांगितलंत?"

मी चहा टाकायला उठले.

"बसा. लोक खोटारडे नसतात, पाहुण्याला दुखवत नाहीत एवढंच. विचारणारा तिसरा पायजे. एक काम करा. आमच्या फ्लोरीला विचारा, वॉशिंग मशीन चालते का. मी पाठवलं म्हणू नका."

ती मशीन मी रोज बघत होते. अंकल नोकरीनिमित्त परदेशी असताना त्यांनी घरी पाठवलेली. फ्लोरी आंटीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, स्वतः विणलेल्या पांढऱ्या जाळीदार कव्हराखाली ती ओसरीत उभी असायची. साऱ्या गावाच्या भेटी तपासणाऱ्या माणसाने ते कव्हर कधी उचललेलं मी पाहिलं नव्हतं.

आंटी विहिरीवर चादरी आपटत होती. मी विचारलं तशी पदराला हात पुसत आली आणि तिने मशीनचं झाकण उघडलं. आत कडुनिंबाचा पाला घातलेले तांदूळ होते.

"उंदीर शिरत नाय. लय चांगली हाय," ती म्हणाली. "तेव्हा वाडीत लाईट टिकत नव्हती, नळ नव्हता. कुठं चालनार? पन ते फोनवर इतक्या हौसेनं विचारायचे, मी चालते म्हनायची. मग तेच चालू राहिलं."

"मग तुम्हाला काय हवं होतं?"

ती थोडा वेळ तांदळात हात फिरवत राहिली. "ते घरी पायजे होते. पोरांची दुखनी, सासऱ्यांचं मयत, सगलं मी एकटीनं काढलं. आता परत दिल्ली. त्यांना नका सांगू हां. खुशीत हायत."

अंकल आमच्या जिन्यातच बसले होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "तांदूळ ना? मला परवाच कळलं. सुटकेसची किल्ली शोधताना झाकण उघडलं. मला फक्त बघायचं होतं, तुम्हाला ती खरं सांगते का. म्हणजे नियम बरोबर हाय." मग आवाज खाली आणून विचारलं, "काय पायजे होतं तिला? ते विचारलंत?"

आंटीने नको म्हटलं होतं. तरी मी सांगितलं. त्या माणसाचे डोळे भरून आलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले आणि मलाही रडू आवरेना. ते उठले आणि वाडीच्या वाटेला लागले.

दिल्लीला त्यांनी कळवलं, नियम लिहीन, पण गिरीजहून. समितीने कुरकुर केली. अंकलनी जुनाच धोशा लावला आणि या खेपेला दिल्लीच नमली. आता ते सकाळी आंटीबरोबर चर्चमध्ये मिस्साला जातात, मग केळीखाली बसून फोनवर समितीशी भांडतात. तिसऱ्याने विचारण्याचा नियम मसुद्यात गेला. देण्याआधी विचारण्याच्या नियमावर अजून लढाई चालू आहे, आणि अंकल तसूभरही मागे सरकलेले नाहीत. दुपारी विहिरीवर चादरीचं एक टोक आंटीच्या हातात असतं, दुसरं अंकलच्या.

परवा पुन्हा बेल वाजली.

"टीचर, जरा फ्लोरीकडे जाऊन या. या खेपेला वस्तू मोठी हाय. मीच. चालतोय का, तेवढं विचारा."

मी गेले. आंटी खो खो हसली. "आवाज लय करतो," ती म्हणाली. "चादर पन नीट पिळत नाय. पन चालतो." मग हसू थांबवून तिने माझा हात धरला. "आनि हे खरं हाय म्हनून सांगा त्यांना. बरं वाटावं म्हनून नाय बोलत."