बॅटरीला पाजलेलं गंगाजल

जमिनीखालचं पाणी शोधायचं सरकारी यंत्र घेऊन ताराचंद दिघोरीला आला आणि भर चैतात यंत्राची बॅटरी बसली. गावाला पाणी दाखवायला निघालेल्या यंत्राच्या पोटातलंच पाणी आटलं होतं! धनीरामच्या पडवीत त्याचा मुक्काम होता. तिथेच बॅटरीची झाकणं उघडून तो कपाळाला हात लावून बसला.

धनीरामची आई शकुनबाई खाटेवरून बघत होती. म्हातारी कित्येक वर्षं मरणाच्या तयारीत होती. नुसतं अंग कसकसलं तरी हाक मारायची, "धनिया, गंगाजल काढ गा, मी चालली!" नवऱ्याने काशीहून आणलेला, तोंड लाखेने बंद केलेला तांब्याचा गडू तिने शेवटच्या घोटासाठी देवाजवळ ठेवला होता. सोयऱ्यांना निरोप जायचे, सून रडायला बसायची, आणि दिवेलागणीला म्हातारी भात मागायची.

"काय झालं रे बापा?"

"बॅटरीतलं पानी आटलं, माय. काम बंद."

"मंग टाक ना. रांजन भरून हाय."

"ते नाई चालत. एकदम शुद्ध लागते. जराही मळ नाई पाहिजे."

ताराचंद एस.टी. धरून पवनीला गेला. दुकानदाराने "परवा या" म्हणून वाटेला लावलं. तोंड पाडून परत आला, तर शकुनबाई रिकामा गडू घेऊन बॅटरीपाशी बसलेली.

"पाजलं," ती म्हणाली. "एकेका तोंडात घोट-घोट. रामाचं नाव घेऊन."

"माय! ते तं तुहं शेवटचं…"

"त्याहून शुद्ध कोनतं असते? तुहं तोंड मले पाहवलं नाई."

ताराचंदने वाकून म्हातारीचे पाय धरले. बॅटरीचं काय होणार या भीतीने त्याला घामही फुटला. दुसऱ्या दिवशी पवनीला चार्ज करून आणून त्याने डोळे मिटून तारा जोडल्या. यंत्राचा काटा हलला.

पण आता ती साधी बॅटरी राहिली नव्हती. यंत्र शेतोशेत नेणारा गाडीवान वहाणा काढल्याशिवाय तिच्याशेजारी बसेना. बायांनी तिला हळदकुंकू लावलं. अंघोळीआधी ताराचंद तारांना हात लावू लागला तर चारचौघे ओरडायचे. एक म्हातारा तर तीर्थ घ्यायला ओंजळ करून उभा राहिला.

"बाबाजी, आत तेजाब हाय! जीभ जळंल!" ताराचंद बॅटरीवर आडवाच पडला.

काम संपलं. निघताना तो म्हणाला, "माय, तुहं गंगाजल मी आनून देतो."

"आनजो बापा. तवरोक मले मरता येत नाई."

वर्षभराने काशीला गेलेल्या मामाकडून गडू मागवून तो पिशवीत घालून दिघोरीला आला. धनीरामने त्याला गावाबाहेरच, तळ्याच्या पाळीवर गाठलं.

"पिशवीत काय हाय, सायेब?"

"गंगाजल. माय कशी हाय?"

"पाया पडतो, ते घरात नेऊ नका! बुढीनं खाट सोडली. धानाच्या रोवन्याले येते, सुनेसंग भांडते. ताप आला तं म्हने, 'घरात गंगाजल नाई, आता कशी मरू?' अन् उठून डाक्टरकडे पायी गेली!"

ताराचंद पेचात पडला. दिलेला शब्द पाळावा तर म्हातारी खाट धरणार. पिशवी काखेत दाबूनच तो पडवीत शिरला. शकुनबाई धान पाखडत होती.

"आनलं काय रे?"

"नाई माय," त्याने मान खाली घातली. "भुललो."

"सरकारी मानूस तो सरकारी मानूस!" ती करवादली. तेवढ्यात तिची नजर काखेतल्या पिशवीवर गेली. तांब्याचा काठ बाहेर डोकावत होता. ताराचंदने डोळे मिटून घेतले.

सूप थांबलं. शकुनबाईने धनीराम जवळपास नाही ना, ते पाहिलं. मग पुढे सरकून तिने पदराने तो काठ नीट झाकला.

"नातीचं लगन हाय औंदा," ती हळूच म्हणाली. "पुढल्या सालीही भुलजो, बापा."