बापूंचं न हसणारं कपाट

हिरामण बापू कोणाच्याही घरी गेले की आधी कपाट वाजवतात, मग पाणी मागतात. बोटाची गाठ दोनदा ठोकायची, कान लावायचा, डोळे मिटायचे आणि उलट्या हाताची बोटं दारावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची. डॉक्टर पोट दाबून बघताना घरचे जसे गप्प होतात, तसे सगळे गप्प. मग बापू डोळे उघडून निकाल देतात, “हाशी ऱ्हायनं.”

म्हणजे हसतंय. आमच्या अहिराणीतला हा निकाल सुरतेत बऱ्याच घरांनी ऐकलाय. जे जे चकचकीत, गुळगुळीत, ते ते बापूंच्या हिशेबानं हसतं. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो, मुलगी चहा घेऊन आली, तर बापूंचा कान शोकेसला. मुलीच्या बापानं घाबरून विचारलं, “काही दोष आहे का?” बापू म्हणाले, “पोरगी चांगली शे. शोकेस हाशी ऱ्हायनं.” लग्न जमलं. लग्नाआधी त्या माणसानं शोकेस बदलली. एकदा तर मयताच्या घरी बसायला गेलो होतो. तिथंही यांनी कपाट वाजवलं, आणि रडणारा माणूस रडणं थांबवून विचारतो, “मग कोणतं घ्यावं, बापू?”

मी दौलत मिस्त्री. शाळा तिसरीपर्यंत, पुढचं सगळं लाकडानं शिकवलं. सुरतेतल्या भेस्तानला माझी पत्र्याची शेड आहे. चाळीस वर्षांत माझ्या कामाला कोणी नाव ठेवलेलं नाही, आणि ठेवलं असेल तर मी ऐकून घेतलेलं नाही. बापू आणि मी धुळ्याकडच्या एकाच गावचे, एकाच एसटीनं इकडे आलो. मी लाकडात गेलो, ते लूमवर. शंभर लूम चालू असताना कुठला बिघडलाय ते कानानं ओळखायचे. रिटायर झाल्यावर तो कान रिकामा राहिला, तो कपाटांना लागला असं मी समजत होतो.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलानं नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला आणि खरी ओढाताण सुरू झाली. फ्लॅटमध्ये एक लांब पॅसेज. एका टोकाला बापूंची खोली, दुसऱ्या टोकाला न्हाणी. त्या भिंतीला सून ज्योतीला पांढरं सनमायकाचं कपाट हवं होतं, काचेसारखं. बापू म्हणाले, भिंत माझी. तीही तयार झाली, पण आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, अट घातली. “आखाजीपर्यंत तुमचं कपाट आणा बाबा. नाही आलं तर आखाजीच्या दुसऱ्या दिवशी माझा माणूस येऊन काम सुरू करणार.” सून वाईट नाही. पण ती एकदा तारीख बोलली की तारीखच.

वहिनी, म्हणजे बापूंच्या घरातून, या भांडणात कुठंच नव्हत्या. साखरेनं त्यांची नजर गेली त्याला दोन वर्षं झाली. जुन्या खोलीत त्या सरसर फिरायच्या. नव्या फ्लॅटमध्ये आल्यापासून पलंगावर बसून असायच्या. कोणी हात धरायला गेलं की म्हणायच्या, “माले काय व्हयेल नही,” मला काही झालेलं नाही.

मग दर रविवारी मी आणि बापू जुन्या फर्निचरच्या बाजारात. बापूंच्या खिशात एक सुतळी असायची, तिला एक गाठ. सुतळी कपाटाच्या लांबीला लावायची, मग जमिनीपासून गाठीपर्यंत उभी धरायची, आणि त्या उंचीवर बोटं फिरवायची. मी विचारलं, “ही गाठ कसली?” म्हणाले, “तू लाकूड बघ.” मी लाकूड बघायचो. मागची फळी, खणाची सरक, भुंग्याची भोकं, खालचा भुसा. चांगलं सागवानी कपाट मी पास करायचो आणि बापू बोटं फिरवून नापास करायचे. एकदा शिसवाचं, वेलबुट्टी कोरलेलं मिळालं. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. बापू म्हणाले, “हाई गालमा हाशी ऱ्हायनं.” म्हणजे गालातल्या गालात. मी पंधरा दिवस बोललो नाही.

आखाजीला आठ दिवस उरले तेव्हा ते कपाट दिसलं. एका शेठचा बंगला पाडला, त्यातलं. नऊ फूट लांब, कमरेच्या वर, हत्तीसारखं जड. दारांवर नुसते लाकडाचे चौकोन ठोकलेले, एक वर आलेला, एक आत गेलेला, एक तिरपा, एकही दुसऱ्यासारखा नाही. मला तर वाटलं, कारागीर काम अर्धं टाकून जेवायला गेला तो परत आलाच नाही. बापूंनी डोळे मिटले, बोटं फिरवली. या टोकाला पोचले, परत त्या टोकाला गेले. काही बोलले नाहीत. ‘हाशी ऱ्हायनं’ आलंच नाही.

तेवढ्यात एक बाई आल्या. मोठ्या लोकांची घरं सजवणाऱ्या, काळा चष्मा डोक्यावर. कपाट बघून दुकानदार कांतिभाईला म्हणाल्या, “ये ब्रुटालिस्ट है, सेवंटीज का. मैं टेम्पो लेके आती हूँ.” मग मला हिंदीत समजावलं की साहेबी देशांत हा प्रकार मानाचा आहे, माल जसा आहे तसा दाखवायचा, लपवायचं काही नाही. एवढ्या ओबडधोबड कामाला नाव असतं हे मला त्या दिवशी कळलं.

बाई टेम्पो आणायला गेल्या. बापू कपाटाला पाठ लावून खाली बसले. कांतिभाई म्हणाला, “काका, लेवुं छे के खाली जोवुं छे?” घ्यायचंय की नुसतं बघायचंय. बापू म्हणाले, “लेवुं छे.” कांतिभाई पेचात पडला. दोन्हीकडे शब्द गेलेला. शेवटी म्हणाला, “जो आधी उचलेल त्याचं.” बापूंनी जुन्या कारखान्यात फोन लावला. दिवसपाळी सुटायला अर्धा तास होता. तो अर्धा तास मी रस्त्याकडे बघत काढला. टेम्पोचा आवाज आला की उठून उभा राहायचो. मग आमच्याकडचे आठ गडी आले, बनियनवर, केसात कापसाची तुसं. “बापू, कुठं मरायचं बोला,” एक जण म्हणाला. कपाट उचलून ते कोपऱ्यावर वळले तेव्हा बाईंचा टेम्पो समोरून आत शिरत होता.

एक पाय हलत होता, म्हणून कपाट माझ्या शेडमध्ये आलं. पाय बसवायला मला दोन तास लागले. पण समोर ते तोंड दिवसभर बघवेना. मनात म्हटलं, बापूनं लाकूड बरोबर ओळखलं, फक्त कारागिरी कमी पडली. आपण रंधा मारू, सगळे चौकोन एका पातळीत आणू, पॉलिश करू. मित्राला आखाजीची भेट. आमची रीत अशी की नजरेत न येणारा तुकडा आधी करून बघायचा. मी उजव्या टोकाचा, मधल्या ओळीतला शेवटचा चौकोन घेतला. रंधा मारला, पेपर घासला. आतून असा लोण्यासारखा साग निघाला की मला माझाच अभिमान वाटला. मग दुसऱ्या चौकोनावर रंधा ठेवला.

“हात उचल.”

बापू दारात उभे होते. मी पन्नास वर्षांत त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. ते आले, गुडघ्यावर बसले, त्या गुळगुळीत चौकोनावर बोट ठेवलं आणि तसेच बसून राहिले. मला राग आला. मी म्हणालो, “फुकट काम करतोय तुझं. आणि तू असा बघतोस जशी मी चोरी केली.”

बापूंनी चौकोनावरचं बोट उचललं. मग खाली बघत बोलले. अहिराणीतच बोलले, मी सोपं करून लिहितो.

“दौलत, तुझी वहिनी वीस वर्षं एका शेठच्या बंगल्यात झाडूफडकं करायची. तिथं असंच एक कपाट होतं. म्हणायची, याचे चौकोन मी डोळे मिटून पुसते. नव्या घरात सगळं सपाट. भिंतही सपाट, दारही सपाट. तिला कळत नाही कुठं आलो. एकदा पॅसेजमध्ये उभी राहिली ती अर्धा तास, हाक नाही मारली. डॉक्टर म्हणाला भिंतीला दांडा बसवा, दवाखान्यासारखा. ती म्हणाली, माझ्या घरात मी दांडा धरून चालणार नाही.” सुतळी काढून त्यांनी माझ्यासमोर धरली. “ही लांबी आमच्या दारापासून न्हाणीपर्यंतची. आणि ही गाठ, तिचा हात जिथं पडतो तिथली.”

मी जो चौकोन घासला होता तो बरोबर गाठीच्या उंचीवर होता.

“आधी का नाही सांगितलंस?”

“तिला आंधळी म्हणायचं होतं का मी, बाजारात?”

आखाजीच्या सकाळी गड्यांनी कपाट पॅसेजमध्ये लावलं. ज्योतीनं बघून तोंड वाकडं केलं, पण तारीख पाळलेली होती. मी जायला निघालो होतो, बापूंनी दंड धरून थांबवलं. वहिनींना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्या खोलीतून भिंत चाचपत बाहेर आल्या आणि हात पहिल्या चौकोनावर पडला. तिथंच थांबल्या. मग हळूहळू निघाल्या. बोटं वर, बोटं खाली, तोंडातल्या तोंडात काहीतरी. पाठ सरळ होत गेली. मी मात्र शेवटच्या चौकोनाकडे बघत होतो. तिथं रस्ता तुटणार होता आणि तो मी तोडला होता.

बोटं तिथं आली, थांबली. वहिनींनी परत एकदा फिरवून बघितलं.

“हाई एकच हाशी ऱ्हायनं,” त्या म्हणाल्या.

“तो मी बदलून देतो,” मी म्हणालो.

“ऱ्हाऊ द्या. हाई उनं म्हणजे न्हाणी उनी, समजीन माले.” हा चौकोन आला की न्हाणी आली, हे त्यांना हातानंच कळणार होतं. कोणाचा हात न धरता त्या वळून न्हाणीत गेल्या, दार लावून घेतलं.

बापूंनी डोळे मिटले. पॅसेजच्या त्या टोकाला गेले आणि उलट्या हाताची बोटं चौकोनांवर ठेवून, वहिनी चालल्या तेवढ्याच सावकाश, चालत आले. शेवटच्या चौकोनावर हात थांबला. मी निकालाची वाट बघत उभा होतो.

बापूंनी दोरीवरचा टॉवेल ओढला आणि तो हातात धरून न्हाणीच्या दाराशी उभे राहिले.