विमलअक्का पुन्हा गाडीवर

विमलअक्का स्वतः जिलेबी खात नाहीत. मला खायला लावतात आणि मग माझी तोंडी परीक्षा घेतात.

"कशी आहे?"

"छान."

"छान तर माझी साडीपण आहे. जिलेबी कशी आहे ते सांग."

"कुरकुरीत आहे."

"पाक आतपर्यंत गेलाय का नुसता वरून बसलाय?"

मी आणखी एक खाऊन बघतो. "आतपर्यंत आहे."

"आंबटपणा?"

"आहे थोडा."

"कधी लागतो? जिभेवर ठेवताना का गिळल्यावर?"

एम.ए.च्या तोंडी परीक्षेतही मला कोणी इतक्या खोलात नेलं नव्हतं. मी गप्प झालो की अक्का पुढची जिलेबी माझ्या ताटलीत टाकतात. "पुन्हा बस परीक्षेला," म्हणतात.

अक्का एसटीत कंडक्टर आहेत आणि मी त्यांच्या जळगावच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. ओळख मात्र बसमध्येच झाली. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. गाव शिंदखेडा तालुक्यात, शिक्षण अमळनेरला. जळगावच्या एका कॉलेजात मुलाखत होती म्हणून धुळ्याहून बसलो, आणि नेमकी ती गाडी वाटेत पंक्चर झाली. मांडीवर फाईल घेऊन मी रडकुंडीला आलो होतो. अक्कांनी फाईल बघितली, मला दोन प्रश्न विचारले आणि ड्रायव्हर रफिकभाऊंना सांगून थांबा नसताना गाडी थेट कॉलेजच्या फाटकासमोर उभी केली. वर साऱ्या गाडीला बजावलं, "पोराची मुलाखत आहे. कोणी ओरडायचं नाही." कोणी ओरडलं नाही. मागच्या सीटवरून एका म्हाताऱ्याने तर "जाय भाऊ, जाय" असा आशीर्वादही दिला.

नोकरी लागल्यावर मी पेढे घेऊन डेपोत गेलो. अक्कांनी पेढे खाल्ले. म्हणजे सगळे खाल्ले. रिकामा खोका मिटत त्यांनी विचारलं, "राहायला कुठे आहेस?" तेव्हापासून मी त्यांच्याकडे आहे.

तेव्हाच्या अक्का म्हणजे खाकी कपड्यातला एक डोंगर होता. गाडीच्या मधल्या वाटेत त्या उभ्या राहिल्या की दोन्ही बाजूचे प्रवासी आपोआप खिडकीकडे झुकत. गाडीच्या मागच्या भागात त्या जातच नसत. मागून कोणी "पारोळा एक!" असं ओरडायचं, पैसे हातोहात पुढे यायचे आणि तिकीट हातोहात मागे जायचं. जळगाव ते धुळे या रस्त्यावरची गावं त्यांना चवीने पाठ होती. एरंडोल म्हणजे कचोरी. पारोळा म्हणजे गरम भजी. धुळे म्हणजे शेवभाजी, आणि तिखट उतरवायला जिलेबी. या रस्त्याची जुनी रीत अशी, की ज्या बसने गिऱ्हाईक आणलं तिच्या कंडक्टर-ड्रायव्हरला खाण्याच्या हातगाडीवाल्याने काहीतरी हातावर ठेवायचंच. ही रीत अक्कांनी मनापासून पाळली.

पुढे गुडघे गेले. पायरी चढताना धाप लागायला लागली. डेपोच्या साहेबांनी त्यांना गाडीवरून काढून पासच्या खिडकीवर बसवलं. बसून काम, पगार तोच. दुसऱ्या कोणी देवाला नारळ फोडला असता. अक्का त्या दिवशी घरी आल्या त्या चप्पल भिरकावतच.

"काचेत बसायला मी काय मिठाई आहे का?"

हे दुःख त्यांनी त्यांच्या पद्धतीने हलकं केलं. घरात शेवेचे, फरसाणाचे, बालूशाहीचे डबे होतेच. आता संध्याकाळी टीव्हीसमोर ते ओळीने मांडले जाऊ लागले. वजन आणखी वाढलं. शेवटी डॉक्टरांनी पोट लहान करायच्या ऑपरेशनचं नाव काढलं. अक्कांनी एकच विचारलं, "त्यानंतर गाडीवर जाता येईल?"

"येईल की."

"मग डबल घंटी," अक्का म्हणाल्या. डॉक्टरांना कळलं नाही. मी सांगितलं, डबल घंटी म्हणजे गाडी सोडा.

ऑपरेशनचं शास्त्र अक्का गल्लीला समजावून सांगत ते ऐकण्यासारखं असे. "आधी पोटाचं स्टँड मोठं होतं, कितीही गाड्या लागायच्या. आता स्टँड छोटं केलंय, आणि थोडा रस्ता बाहेरून काढून दिलाय. बसून प्रवासी, उभ्याने एकही नाही." चार घास झाले की त्या हात वर करून नसलेली दोरी ओढत आणि म्हणत, "टिंग!" म्हणजे थांबा. पानात काहीही असो, टिंग झाल्यावर घास नाही.

पण ही शिस्त यायच्या आधी आमरस आला.

डॉक्टरांनी सुरुवातीला फक्त पातळ घ्यायला सांगितलं होतं. दिवस आंब्याचे. शेजारच्या सुमनबाई पातेलं भरून आमरस घेऊन आल्या. मी जरा बिचकलो. सुमनबाई माझ्यावरच उखडल्या. "पातयच शे ना हाऊ! काय चावना पडस का?" आमरस चावावा लागत नाही, हे मला मान्य करावं लागलं. त्यांच्या मागून समोरच्यांकडची बासुंदी आली, कोपऱ्यावरून उसाचा रस आला. सगळी गल्ली पातळ पदार्थ घेऊन दारात उभी. अक्कांनी आमरसाची वाटी उचलली, डोळे मिटून अर्धी घेतली, आणि थोड्याच वेळात त्यांना दरदरून घाम फुटला. छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. बासुंदीवाल्यांनी बासुंदी पदराखाली घेऊन काढता पाय घेतला. मी डॉक्टरांना फोन लावला.

"आमरस? अहो, पातळ म्हणजे ताक! डाळीचं पाणी!"

अक्कांनी पडल्या पडल्या फोन मागून घेतला. "आमरसाला तुमच्यात घट्ट म्हणतात का डॉक्टर?"

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की पूर्वी गोड पोटात जरा थांबायचं, आता ते झपकन आतड्यात उतरतं, म्हणून शरीर असं गोंधळतं. अक्कांनी ते लगेच भाषांतरित केलं. "विनाथांबा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर काही महिने त्यांना गोडाचं नावही नकोसं झालं. सुमनबाईंच्या घरातून शिऱ्याचा वास आला तरी त्या खिडकी लावत. चहातली साखर गेली. जिभेचा कल कुठल्या कुठे गेला. कधी नुसती कैरी हवी, कधी आंबट ताक, कधी भाजलेली मिरची. फरसाणाच्या जागी फुटाणे आले, तेही सालं काढून, एकेक, नीट चावून. वजन उतरत गेलं. खाकी ब्लाउज आत घेऊन घेऊन शिंपी कंटाळला. अक्का ज्याला त्याला ऐकवत, "सरकारने बायकांचं तिकीट अर्धं केलं, डॉक्टरांनी बाईच अर्धी केली."

आणि मग एका संध्याकाळी गोड परत आठवलं. पोटाला नाही, डोक्याला. अक्का अंगणात येरझाऱ्या घालत होत्या. मला बघून थांबल्या. "मास्तर, बाजारात जा आणि पावशेर जिलेबी आण."

"अक्का, नको."

"मला नाही रे. तुला."

तिथून ती परीक्षा सुरू झाली. जिलेबी, मग बालूशाही, मग शेव, मग भरीत-पुरी. मी खायचं आणि सांगायचं. "माझ्या जिभेची बदली झाली, आता तू माझ्या जागी," असं अक्कांचं म्हणणं. अक्कांचं वजन गेलं कुठे, असं लोक कौतुकाने विचारतात. वरच्या मजल्यावर गेलं. माझ्या दोन पँटची बटणं आता लागत नाहीत.

ऑपरेशनला वर्ष होऊन गेल्यावर अक्का साहेबांसमोर उभ्या राहिल्या. तपासण्या चांगल्या होत्या. पण साहेबांच्या कानावर आमरसाची गोष्ट गेली होती. "पाठवतो," ते म्हणाले. "पण बाई, गाडीत एकदा जरी चक्कर आली, तरी परत खिडकी. मग माझ्याकडे यायचं नाही."

पहिला दिवस मिळाला तो नेमका आखाजीच्या आदल्या दिवशीचा. अक्षय्य तृतीयेला खानदेशातल्या साऱ्या लेकी माहेरी निघतात, त्यात अर्धं तिकीट. मीही गावी निघालो होतो, म्हणून त्याच गाडीत बसलो. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. पिशव्या, पोरं, गोड सांजोऱ्यांचे डबे. रफिकभाऊंनी आरशातून बघून विचारलं, "अक्का, जमेल ना?"

अक्कांनी तिकिटाचं मशीन छातीशी धरलं, खांदा तिरका केला आणि त्या गर्दीत सुईतल्या दोऱ्यासारख्या शिरल्या. कोणी खिडकीकडे झुकलं नाही. कोणाला झुकावं लागलं नाही. मागच्या सीटवर एक जुने, रोजचे आजोबा बसले होते. ते सवयीप्रमाणे पुढे तोंड करून गरजले, "पारोळा एक!"

"ओरडता कशाला बाबा? शेजारीच उभी आहे."

आजोबांनी मान वळवली, अक्कांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि कपाळाला हात लावला. "वं माय! अक्का!" सगळी गाडी हसली. एका बाईने तर टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत अक्का पहिल्यांदाच शेवटच्या सीटपर्यंत पोचल्या होत्या. तिथे त्या थोडा वेळ उगाच उभ्या राहिल्या, जशी एखादी बाई स्वतःच्या नव्या घराच्या गच्चीवर उभी राहते.

एरंडोलला गाडी थांबली तोच कचोरीवाला खिडकीशी आला. "अक्का! तुम्ही? कुठे होतात? घ्या, तुमचं नेहमीचं." त्याने कागदात दोन कचोऱ्या बांधल्या. मला वाटलं, आता टिंग. पण अक्कांनी हात पुढे केला. "द्या," म्हणाल्या, आणि पुडी बॅगेत टाकली.

मी चपापलो. पारोळ्याला भजीवाले आबा स्वतः पायरी चढून आले. "कोठे व्हत्यात इतला दिन, अक्का? निम्म्या व्हई गयात! ल्या, गरम शेत." अक्कांनी भजी घेतली. उतरणाऱ्या एका बाईने सांजोरी दिली, तीही घेतली. पारोळा सुटल्यावर अक्का आपल्या सीटवर टेकल्या आणि त्यांचा हात बॅगेत गेला. मी सीटवरून अर्धा उठलो. आरशात रफिकभाऊंचेही डोळे मागेच होते. एक सांजोरी, एक घास, आणि साहेबांची खिडकी. हात बाहेर आला तेव्हा त्यात सुट्टे पैसे होते. थोड्या वेळाने हात पुन्हा गेला. या वेळी रुमाल. धुळ्यापर्यंतच्या त्या रस्त्यावर मी जितका घामाघूम झालो, तितक्या अक्का आमरसाच्या दिवशीही झाल्या नसतील.

धुळ्याच्या स्टँडवर शेवटचा प्रवासी उतरला. अक्कांना चक्कर आली नाही, धाप लागली नाही. रफिकभाऊ खाली उतरून म्हणाले, "बहोत बढिया, अक्का!" अक्कांनी बॅगेतून सगळ्या पुड्या काढून त्यांच्या हातात दिल्या. "ड्रायव्हर-कंडक्टरच्या रेस्टरूममध्ये वाटून टाका. पण एरंडोलवाल्याला कळू देऊ नका हं."

आम्ही बाकावर बसलो. मी म्हणालो, "खायचं नव्हतं तर घेतलंत कशाला? ऑपरेशन झालंय म्हणून सांगून टाकायचं. जीव टांगणीला लावलात माझा."

अक्का हसल्या. म्हणाल्या, "सांगितलं असतं तर उद्यापासून कोणी विचारलं नसतं."

अक्कांनी पिशवी मांडीवर ओढली.

"माझा सुरतचा मुलगा रोज फोन करतो. चांगला आहे रे. साखर किती, वजन किती, गोळी घेतली का, सगळं विचारतो. काय खाणार, हे नाही विचारत. विचारून काय उपयोग, असं वाटत असेल त्याला. त्याचे वडील होते तोवर, मी कामावरून आले की दारातूनच विचारायचे, काय खाणार." त्यांनी साडीवरचा नसलेला कण झटकला. "त्या खिडकीत मला दिवसभर लोक भेटायचे. एकाने विचारलं नाही. या रस्त्यावर विचारतात. म्हणून हे सगळं."

एवढं बोलून त्यांनी पिशवीतून छोटा डबा काढला. वाफवलेले मूग, थोडं दही. पहिला चमचा घेतला आणि चावत राहिल्या. त्यांना चार घास जेवायला फार वेळ लागतो; घाई केली की ते पोट ऐकत नाही.

समोर माझी शिंदखेड्याची गाडी लागली. कंडक्टर गावांची नावं ओरडत होता, जागाही दिसत होती. अक्का म्हणाल्या, "जा, आई वाट बघत असेल."

"पुढची आहे ना," मी म्हणालो. "मूग कसे झालेत?"

अक्कांनी चमचा डब्यात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.