चंद्रावरचं माळवद

पौर्णिमेला लोक चंद्राला हात जोडतात. आमच्या हट्टा गावातले सोपानभाऊ गवंडी एक डोळा मिटून त्याच्यासमोर ओळंबा धरतात आणि म्हणतात, "जागा बराबर हाय."

मुलांनो, चूक माझीच. चंद्रावर माणसं राहायला जाणार, ही बातमी त्यांना मीच, त्यांच्या शेजारणीनं, वाचून दाखवली. तिथे घातक किरणं, वरून दगडांचा मारा. म्हणून घरावर मातीचा जाड थर द्यावा लागेल, असं त्यात होतं.

"म्हंजे आपलं माळवदच की! खाली तुळया, वर माती. ह्याला शास्त्रज्ञ काहून लागतात?"

नकाशा मी चौकटीच्या वहीत काढायचा, इंग्रजी पत्र लिहून अवकाश संस्थेला पाठवायचं, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. घर मंजूर व्हावं, हा एकच ध्यास.

पहिलं भांडण दिशेवरून. वस्ती चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर, म्हटल्यावर ते उखडले. "यमाच्या दिशेला घर? कोण येडा म्हणला?"

मी समजावलं, "अहो, ध्रुवावर उभं राहिलं की चारी बाजूंना उत्तरच."

दोन दिवस त्यांनी विचार केला. "मंग ठीक. वास्तुशांतीचा खर्च वाचला."

धुराडंही मी खोडलं. हवाच नाही तर चूल कशी पेटणार?

"मंग पाहुण्याला चहा कसा द्यायचा, वहिनी?"

शेवटी अडलं छतावर. किरणं अडवायला तीन हात माती हवी, असा माझा हिशेब. भाऊ एका हातावर अडून बसले.

"एवढी जड न्हाई घालायची."

"मग पत्र कचऱ्यात जाईल!"

"जाऊ द्या. जड न्हाई."

माझा संयम सुटला. "अहो, तिथे वजन इथल्या सहाव्या हिश्श्याचं! सहा पाट्या माती एका पाटीएवढीच भरते."

ते हळूच म्हणाले, "आन् पडलं तर?"

"पडेलही सावकाश."

"आमची गिरजा ज्या माळवदाखाली गेली, ते मीच घातलं होतं. पावसानं भिजलं होतं. मला वाटलं, पेलंल."

तीस वर्षांच्या शेजारात त्यांच्या तोंडून बायकोचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. मी पेन्सिलीला टोक करत बसले.

"तीन हात लिहा," ते म्हणाले. "आन् आतल्या लेकरांना कळवा, निवांत निजा म्हणावं."