लॉरीआप्पांना धक्का

कोथिंबिरीची जुडी आणायची असली, की लॉरीआप्पा लॉरी काढत.

लॉरी म्हणजे अगदी लॉरीच. फौजेनं मोडीत काढलेली, शेवाळी रंगाची, मागं पुढं मिळून इतकी चाकं, की ती गल्लीतून निघाली म्हणजे संपतच नाही असं वाटायचं. बाजार हाकेच्या अंतरावर. तिथं आप्पा गाडी उभी करत, खाली उतरत, निवडून एक जुडी घेत आणि ती मागच्या हौद्यात नेऊन ठेवत. "आप्पा, पुढंच ठेवा की शेजारी," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "मालाची जागा मागं असती मास्तर. पुढं माणसानं बसायचं." घरी येईपर्यंत जुडी सुटून हौदाभर पसरलेली असायची. मग आप्पा हौद्यात चढून एकेक काडी गोळा करत.

त्यांचं खरं नाव मल्लाप्पा. पण परंड्यात मल्लाप्पा कुठं राहतात असं विचारलं असतं, तर कोणी सांगू शकलं नसतं. लॉरीआप्पा म्हटलं की पोरंसुद्धा बोट दाखवायची. बोट दाखवायची गरजही नव्हती म्हणा. किल्ल्याच्या खंदकाच्या बाजूला आमची गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी लिंबाच्या झाडाखाली ती लॉरी. वाऱ्यानं लिंबोळ्या पडल्या की पत्र्यावर अशा ताडताड वाजायच्या, की दुपारी झोपलेली माणसं उठून बसायची.

निजामी जाऊन थोडीच वर्षं झाली होती. शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली आणि मराठीबरोबर मीही परंड्यात आलो. बायको, एक ट्रंक, वळकटी आणि स्टो एवढा संसार घेऊन मोटारतळावर उतरलो. समोरच ही लॉरी. आत बसलेल्या गृहस्थांनी बाहेर डोकं काढलं. डोक्याला खाकी टोपी, मिशा पांढऱ्या, आवाज मात्र इंजिनावर ओरडून ओरडून कमावलेला.

"नवं मास्तर का? चला की. जागा खुल्ली हाय!"

आमचं भाड्याचं घर तिथून दिसत होतं. पण माणूस एवढा आग्रहानं म्हणतोय, तेव्हा नाही कसं म्हणायचं? सामान हौद्यात गेलं. बायकोला त्यांनी पुढच्या सीटवर बसवलं. मीही चढणार, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "मास्तर, तुमी जरा मागनं हात लावा. बॅटरी बसलीया. गाडी धक्क्यावर निघती."

अशा रीतीनं परंडा गावात माझा प्रवेश झाला. बायको गाडीत, सामान गाडीत आणि मी गाडीच्या मागं.

पुढं कळलं, की हा रोजचाच कार्यक्रम आहे. सकाळी उन्हं लिंबावर आली की आप्पा भोंगा वाजवत. मग दुकानाला कुलूप तसंच ठेवून नागनाथशेठ येत. त्यांचं किराणा दुकान. गळ्यात टेप अडकवून कासीमभाई शिंपी येत. मी तोंडात दातवण घेऊनच बाहेर पडे. आणखी दहापाच माणसं जमत. लगेच कोणी ढकलत नसे. आधी काल कोणाकडं पाहुणे आले, कोणाची म्हैस व्यायली, सरकारनं आता काय नवीन काढलंय, हे सगळं व्हायचं. आप्पा स्टिअरिंगवर कोपर टेकून ऐकत बसायचे, मधून मधून "व्हय का? मग?" म्हणत. शेवटी शेठ म्हणत, "चला रे, दुकान उघडायचंय." आप्पा ओरडत, "लावा जोर!" गाडी खंदकाच्या उताराला लागली की हिसका देऊन चालू व्हायची आणि धुराचा मोठा लोट मागं सोडून जायची. ढकलणारे खोकत, एकमेकांकडं बघून हसत आणि आपापल्या कामाला लागत. आप्पा कुठं गेलेले असायचे? कधी दाढी करायला. कधी देवळात एक नारळ फोडायला. एकदा तर, देवाशप्पथ, ते काड्यापेटी आणायला गेले होते, आणि काड्यापेट्या शेठच्याच दुकानात होत्या. शेठ गाडी ढकलून दुकानात परत जातात तोवर आप्पा वळसा घालून दुकानापुढं हजर.

आप्पांचं घर एकट्याचं. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. थोडी जमीन होती ती वाट्यानं दिलेली. सरकारी बस यायच्या आधी बार्शीहून खाजगी सर्विस मोटार यायची, तिच्यावर ड्रायव्हर म्हणून आप्पांनी उभी हयात घालवली. त्या मोटारीत माणसं, कोंबड्या, गुळाच्या ढेपा आणि टपावर पुन्हा माणसं. सरकारी बस आली आणि मोटार बंद झाली. आप्पा चार महिने घरात बसले, मग एक दिवस सोलापूरला गेले आणि हे धूड घेऊन आले.

माझी बायको फार बोलत नाही, पण तिला नको तिथं नेमका प्रश्न पडतो. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, आप्पा रानात जातात तेव्हा येताना त्यांची गाडी कोण ढकलतं?"

"उतारावर लावत असतील."

"त्यांचं रान नदीकडं, खाली. येताना चढ आहे."

मी म्हटलं, "असेल काहीतरी." नवऱ्यानं असं म्हटलं, की त्याला माहीत नाही हे बायकांना कळतं. ती गालात हसली आणि भाकरी उलटली.

तंटा झाला तो शेठच्या धोतरावरून. नवं, कडक, इस्त्रीचं धोतर नेसून शेठ मुलीचं लग्न ठरवायला निघाले होते. भोंगा वाजला, सवयीनं हात लावला, आणि गाडीनं आपला सगळा धूर शेठवर सोडला. धोतर, उपरणं, मिशी, सगळं एका रंगाचं झालं. आप्पा परत आले तेव्हा शेठ कासीमभाईंच्या दुकानाच्या पायरीवर त्यांची वाट बघत बसले होते. आम्हीही बसलो होतो. अशी वेळ कोण चुकवणार?

"आप्पा, आज कुठं गेला होता?"

"कोथिंबीर आनली."

"कोथिंबीर! अहो, एका माणसाला कोथिंबीर आणायला पलटणीची गाडी लागती का?"

"लागतीया."

"कशाला लागतीया? देवानं दोन पाय दिलेत ते काय झाले?"

आप्पांनी जरा विचार केला. "दोन पायांवर दुसऱ्या मान्साला बसवता येत न्हाय, शेठ."

"पण तुमच्या गाडीत तरी कोण बसतं? सगळे मागं ढकलत असतात!"

यावर सगळी पायरी हसली. कासीमभाईंच्या तोंडातली सुई पडता पडता राहिली. आप्पाही हसले असते, पण शेठ थांबले नाहीत. "आजपासून माझा हात लागणार नाही. कोणाचाच लागणार नाही. एवढी हौस असंल तर बॅटरी घाला नवी!"

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला. कोणी गेलं नाही. मी दातवण चावत दाराआड उभा राहिलो. पुन्हा भोंगा वाजला, जरा हळू. मग वाजला नाही. आप्पा पुढच्या सीटवर नुसते बसून राहिले. ऊन टपावर आलं, तेव्हा खाली उतरले, फडक्यानं काच पुसली आणि घरात गेले. गाडी तिथंच राहिली. आठवडाभर हेच चाललं. लिंबाचा पाला टपावर साचला. कोंबड्या चाकांच्या सावलीला येऊन बसायला लागल्या.

आणि मग शेठच्या मुलीचं लग्न आलं.

गल्लीत मांडव पडला. वऱ्हाड कुर्डुवाडीहून बसनं येणार होतं. सकाळ गेली, बस नाही. ऊन चढलं, बस नाही. शेठ मांडवातून मोटारतळावर आणि मोटारतळावरून मांडवात अशा खेपा घालत होते. तेवढ्यात एक सायकलवाला घामाघूम होऊन आला. बसचा काहीतरी दांडा तुटलेला, वऱ्हाड अर्ध्या वाटेत बाभळीखाली बसलंय, नवरदेवाला ऊन लागलंय आणि वराचे मामा परत जायची भाषा करतायत.

"बैलगाड्या जुंपा," कोणीतरी म्हणालं.

"बैलगाड्या जाऊन येईपर्यंत अक्षता उद्या पडतील," दुसरं कोणी म्हणालं.

मग सगळ्यांच्या माना लिंबाकडं वळल्या. शेठची शेवटी वळली.

आप्पांचं दार उघडंच होतं. शेठ उंबऱ्यात उभे राहिले, पागोटं काढून हातात घेतलं.  आप्पांनी त्यांच्याकडं बघितलं, खुंटीवरची खाकी टोपी घेतली आणि म्हणाले, "किती मानसं हायत?"

"पन्नास तरी."

"फिकीर नको. जागा खुल्ली हाय."

दोघं जवळजवळ पळतच आले. आख्खा मांडव लॉरीच्या मागं धावला. आचारी आले, वाजंत्री आले, नवरीचे काका सोवळ्यात आले. शेठ सर्वांत पुढं, नव्या धोतरासकट. मी होतो, कासीमभाई होते. सगळ्यांनी हात टेकले, पाय रोवले, छातीत दम भरला. "लावा जोर!" ही आरोळी ऐकायला कान टवकारले.

आरोळी आलीच नाही. आप्पांनी घाईघाईत बटण दाबलं, इंजिन गुरगुरलं आणि पहिल्या फटक्यात गाडी निघून गेली.

आम्ही सगळे जिथं होतो तिथंच जमिनीवर उपडे. माझ्यावर कासीमभाई, कासीमभाईंवर आचारी. शेठ सर्वांच्या खाली.

धूळ खाली बसली. कोणी उठेना. शेठनं तसंच पडल्या पडल्या डोकं वर करून रस्त्याकडं बघितलं.

"बटणावर निघाली," ते म्हणाले.

"हौ," कासीमभाई म्हणाले. "मख्खनसरखी."

वऱ्हाड वेळेत आलं. हौद्यात नवरदेव बाशिंग धरून उभा, वराचे मामा फाळक्याला घट्ट धरून, आणि कलवऱ्या मोठमोठ्यानं हसतायत. अक्षता पडल्या. पंगती बसल्या. जो तो पोट धरधरून तेच सांगत होता, की इतकी वर्षं आपण चांगली गाडी ढकलत होतो. शेठ पाहुण्यांपुढं हसले, पण त्यांची कानशिलं लाल झाली होती. "फसवलं म्हाताऱ्यानं," ते मला हळूच म्हणाले. पंगतीला बोलवायला आप्पांना शोधलं, तर ते नव्हते. गाडी लिंबाखाली लावून, घराचं दार लावून बसले होते. पान घरी पाठवलं.

त्यानंतर भोंगा बंद झाला. आप्पा उजाडायच्या सुमाराला निघायचे. बटण दाबायचे, गाडी गुपचूप उतारानं जायची. परत कधी यायचे ते कळायचं नाही. कोणाची गाठ पडली, तर रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं मान खाली घालून जायचे, चोरी पकडलेल्या माणसासारखे. पुढं पुढं तेही थांबलं. गाडी हलेना, दार उघडेना.

गल्लीचंही काहीतरी बिघडलं. सकाळी जो तो उठे आणि आपापल्या कामाला लागे. कासीमभाईंना नातू झाला, ते मला तीन दिवसांनी कळलं, आणि तेही बायकोकडून. शेठ वेळेवर दुकान उघडत आणि गिऱ्हाईक नसताना उगाच दारात येऊन लिंबाकडं बघत. एकदा मी काड्यापेटी घ्यायला गेलो, तर म्हणाले, "मास्तर, गाडी बंद पडल्यापासून कोणाचं काही कळंना झालंय."

"गाडी कुठं बंद पडलीय?" मी म्हटलं.

शेठनं माझ्याकडं बघितलं. काड्यापेटी दिली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुंदीचं ताट घेऊन आप्पांच्या घरापुढं आले. कडी वाजवली आणि उत्तराची वाट न बघता सरळ ओट्यावर मांडी घालून बसले. कासीमभाईंनी मशीन थांबवलं आणि तेही आले. मी दातवण फेकून गेलो. मग एकेक करून बाकीचे आले.

आप्पांनी दार किलकिलं केलं. एवढी माणसं बघून घाबरले.

"गाडी... गाडी निघती आता, शेठ. धक्का नको," ते खाली बघत म्हणाले. "त्या दिवशी घाईत... म्या सांगनारच हुतो..."

"गाडीचं कोणी काढलंय?" शेठ खेकसले. "आम्हाला कुठं जायचं नाही. बसायला आलोय. बसू का नको?"

"बसा की."

"मग चहा टाका. का चहालाही ढकलायला पाहिजे?"

आप्पा आत गेले. आम्ही बुंदी खात बसलो. गप्पा सुरू झाल्या, कासीमभाईंच्या नातवाचं नाव काय ठेवायचं इथपर्यंत आल्या. चुलीचा धूर कौलातून वर गेला, चहाचा वास आला, पण चहा येईना. शेठ म्हणाले, "मास्तर, बघा जरा, काय झालं."

मी उठणार, तोच आप्पा मागच्या बोळातून माझ्या घराकडं जाताना दिसले. मी मागं गेलो. बायको अंगणात सडा घालत होती. आप्पा तिच्यापुढं टोपी काढून उभे होते.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "जरा कपबशा मिळतील का? घरात एकच कप हाय."

बायको आत गेली आणि आमच्या घरात होते नव्हते तेवढे सगळे कप घेऊन आली. एकाचा कान मोडलेला होता, तोही आणला.

"धुऊन लगेच आनून देतो," आप्पा म्हणाले.

"राहू द्यात तिकडंच," ती म्हणाली. "उद्याही लागतीलच की."

आप्पांनी टोपी परत डोक्याला घातली. मग कपांच्या कानांत दोन्ही हातांची बोटं अडकवून निघाले. गल्लीच्या कडेला आले, थांबले. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, आणि मग जपून गल्ली ओलांडली. आमच्या गल्लीत त्यांच्या लॉरीखेरीज दुसरं वाहन कधीच येत नसे.