टेबलाखालचा ड्रायव्हर

दुबईहून जिब्रानचाचाचा फोन आला आणि मूर्तिजापूरच्या त्या घरात मिनिटभरात दोन पक्ष पडले. चाचा खेळण्यांच्या दुकानात उभा होता. पुतणीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याला एक छोटं इंजिन पाठवायचं होतं, आणि दुकानदार विचारत होता, आवाजवालं देऊ की मुकं? आवाजवाल्यात कंपनीनंच शिट्टी, झुकझुक, वाफेचा फुसकारा असं सगळं आत बसवलेलं होतं. किंमत मात्र मुक्याच्या दुप्पट.

"आवाजवालं!" कहकशाँ ओरडली.

"मुकं!" दादाजान तिच्याहून मोठ्यानं ओरडले आणि त्यांनी फोन तिच्या हातातून काढून घेतला. "जिब्रान, पागल झाला काय रे? इथं कापसाले भाव नाई, अन तू शिट्टीले पैसे मोजतं? शिट्टी मी वाजवतो. फुकट!"

दादाजान म्हणजे जैनुद्दीन. मूर्तिजापूर ते अचलपूर या छोट्या लाइनवर वाफेचं इंजिन चालवण्यात त्यांची उमर गेली होती. वाफ गेली, डिझेल आलं, दादाजान रिटायर झाले, पण ते जुनं इंजिन त्यांच्या गळ्यात तसंच उभं होतं. मोहल्ल्यातली रडकी पोरं त्यांच्या शिट्टीनं गप्प व्हायची. झोपलेली पोरं रडायला लागायची, ती गोष्ट वेगळी.

तर मुकं इंजिन आलं. दिसायला देखणं, पण चालायचं मांजरासारखं. कहकशाँचा चेहरा पडला. गेल्या वर्षीपर्यंत ती वर्गात फक्त हजेरीला बोलायची. यंदा मात्र नववीच्या सगळ्या वर्गासमोर तिनं जाहीर करून टाकलं होतं की या प्रदर्शनातून अमरावतीच्या विभागीय प्रदर्शनाला एकच मॉडेल जाणार आणि ते आपलं असणार! आता मागं फिरायची सोय नव्हती.

"मुक्या गाडीले कोन अमरावतीले नेईन वं?" तिची जोडीदारीण दीक्षा म्हणाली. दीक्षानं काड्यापेट्यांचे डबे, पुठ्ठ्याचं स्टेशन, कापसाच्या इवल्याशा गाठी असं सगळं जीव लावून केलं होतं.

"आवाज देतो म्हनलं न मी," दादाजान म्हणाले. "टेबलावर चादर टाका. मी खाली बसतो."

दादी हलीमाबीनं कपाळावर हात मारला. "पूरी उमर इंजन में बैठे, अब टेबल के नीचे बैठेंगे. घर में कब बैठेंगे?" पण जमिनीपर्यंत पोचेल अशी चादर तिनंच काढून दिली.

खाली बसलेल्या दादाजानना वरचं इंजिन दिसणार नव्हतं, म्हणून खुणा ठरल्या. टेबलाच्या पायावर चपलेनं एक टकटक म्हणजे निघा, दोन म्हणजे शिट्टी, तीन म्हणजे थांबा. पहिल्या तालमीत कहकशाँनं एकदा टकटक केलं. इंजिनानं तीन चकरा मारल्या तरी टेबलाखाली सामसूम!

"दादाजान, आवाज काहून नाई देत?"

"अवं, आधी वाफ तं धरू दे! थंडं इंजिन हाय. अन पुढचा रूळ मोकळा हाय, लाइन क्लिअर, हे कोन सांगीन? तुह्या मर्जीनं गाडी चालते काय?"

शेवटी दीक्षानं हिरव्या रिबिनीची झेंडी केली आणि ती "लाइन क्लिअर!" म्हणून ओरडल्याशिवाय गाडी हलणार नाही असा तह झाला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळीच ललिता मॅडमनी नियम वाचून दाखवले. मॉडेल बनवण्यात किंवा चालवण्यात मोठ्या माणसाची मदत दिसली की मॉडेल बाद. आणि साल कठीण आहे, तेव्हा कमी खर्चाला सगळ्यात जास्त गुण. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. पण दादाजान तोवर डब्यातलं वरण-भात-वांगं जेवून चादरीआड शिरले होते.

दुपारी परीक्षक आले. विस्तार अधिकारी भगवंतराव. भारदस्त माणूस. गुडघे दुखतात म्हणून खुर्ची मागवून ते थेट टेबलाला खेटून बसले, एक पाय दुसऱ्यावर टाकला, आणि तो पाय हलवू लागले. त्यांना बसल्याबसल्या पाय हलवायची सवय होती. बूट टेबलाच्या पायाला लागला. टक, टक.

"कूऽऽऽक!" टेबलाखालून शिट्टी आली. इंजिन जागचं हललंही नव्हतं.

"उभी गाडी शिट्टी काहून देते?" भगवंतरावांनी विचारलं.

"सिग्नल मांगून राहिली सर!" दीक्षानं झटकन सांगितलं आणि झेंडी हलवली. "लाइन क्लिअर!"

कहकशाँनं घाईघाईनं इंजिन सोडलं. झुकझुक झकास सुरू झाली. तेवढ्यात बुटानं तीनदा टकटक केलं आणि झुकझुक थांबली. इंजिन मुक्यानंच पळू लागलं.

"अन आता चालती गाडी मुकी?"

"उतार लागला सर. उताराले वाफ बंद करतात," कहकशाँ म्हणाली. तिनं इंजिन हळूच स्टेशनात उभं केलं.

चादरीखाली धूळ होती. आधी एक खोकला आला, मग दुसरा, मग खोकल्याची मालगाडीच सुटली, आणि शेवटच्या डब्यासारखं हळूच आलं, "या अल्लाह..."

भगवंतरावांचा पाय हलायचा थांबला. "हे काय होतं?"

"ड्रायव्हर हाय सर," दीक्षा म्हणाली. खोटं तर ती बोलली नव्हती. "त्याचाबी आवाज टाकला."

इथंच घोटाळा झाला. भगवंतराव जाम खूश झाले. "माह्या जावयाकडे पुण्याले असंच इंजिन हाय. कंपनीचा आवाज हाय त्याले. पन त्यात शिट्टी अन झुकझुक. खोकला नाई! म्हंजे हे त्याच्याहूनबी महागाचं हाय." त्यांनी पेन उघडलं आणि मग ते बराच वेळ बोलले. कापूस, पाऊस, काटकसर, विद्यार्थी... टेबलाखाली वरण-भातानं आपलं काम केलं, दादाजानचा डोळा लागला, आणि झुकझुकीपेक्षा जरा संथ आवाज येऊ लागला. "पाहा, उभ्या गाडीची वाफबी सोडते!" भगवंतराव म्हणाले. "असा आवाज विकत घेनं म्हंजे उधळपट्टी. कमी खर्चाचे गुन शून्य."

"सर, आवाज फुकट हाय!"

"फुकट? खोटं नको बोलू पोरी."

हे त्यांनी भारदस्त आवाजात म्हटलं, त्यामुळे सगळ्या हॉलला ऐकू गेलं. संत्री निवडायच्या यंत्राजवळचा श्रावण फिदीफिदी हसला. खरं सांगावं तर दादाजानमुळे मॉडेल बाद. गप्प राहावं तर अमरावती गेली आणि वर आपण खोटारडी!  एक वर्षापूर्वीची कहकशाँ असती तर तिथंच रडली असती.

तिनं छाती भरून श्वास घेतला. पाळण्यात असल्यापासून ऐकलेली ती शिट्टी होती, शिकावी कशाला लागते? तिनं तोंडाशी हाताचा द्रोण केला आणि सोडली. "कूऽऽऽऽक! कूक!"

हॉल थरारला. भगवंतरावांचं पेन पडलं. आणि टेबलाखाली झोपलेल्या ड्रायव्हरला झोपेत समोरून इंजिनाची शिट्टी ऐकू आली. छोट्या लाइनवर रूळ एकच!

"थांबवा! समोरून गाडी हाय!" दादाजान गरजले, तोंडानं करकचून ब्रेक लावला आणि उठले. टेबलासकट उठले. स्टेशन उडालं, कापसाच्या गाठी भगवंतरावांच्या मांडीवर पडल्या, आणि चादर पांघरलेले दादाजान दीक्षाच्या हातातली झेंडी ओढून घेऊन ती उगारत उभे राहिले. "लाइन कोनं देल्ली त्याले? आं? कोनं देल्ली?"

दीक्षानं खाली पडलेलं इंजिन उचललं.

"सर," कहकशाँ हळूच म्हणाली, "हा घ्या फुकटचा आवाज."

भगवंतरावांनी मांडीवरचा कापूस झटकला. दादाजानकडे पाहिलं, मग कहकशाँकडे. त्यांचं पोट आधी हसलं, ते स्वतः नंतर हसले. "आवाज दोन निघाले," ते म्हणाले. "बुढाबाबाचा नियमात बसत नाई, तो बाद. पन दुसरा तं पोरीचाच हाय." त्यांनी शून्यावर काट मारली आणि अमरावतीच्या रकान्यात मुलींची नावं लिहिली.

जिब्रानचाचा फोनवर म्हणाला, अमरावतीसाठी आवाजवालं इंजिन पाठवतो. दादाजान म्हणाले, "राहू दे. त्याले खोकता येत नाई."

अमरावतीला दादाजानना हॉलच्या दारातच अडवलं. कहकशाँ टेबलाशेजारी उघड उभी राहिली, दीक्षानं झेंडी दाखवली, आणि झुकझुक अशी रंगली की बाजूच्या टेबलांवरची मुलंही गोळा झाली. तेवढ्यात बाहेरून, खिडकीपलीकडून, लांबलचक शिट्टी आली.

कहकशाँनं ताबडतोब आवाज बंद केला, इंजिन थांबवलं.

"थांबली काहून बेटा?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"लाइन एकच हाय मॅडम," कहकशाँ म्हणाली. "म्हाताऱ्या गाडीले आधी जाऊ देतो."