मायेसह एकतीस

परमेश्वराने माणसाला पाय दिले, ते जमिनीला पोचतील एवढ्या लांबीचे. ही व्यवस्था निर्दोष आहे. मास्तरांनी तीत दोन इंचांची सुधारणा केली, त्याची ही हकीकत.

मास्तर शिंपी होते. अठ्ठावीस वर्षे त्यांनी गावाची मापे घेतली आणि अठ्ठावीस वर्षे पत्नीला एकच वचन दिले, की एकदा दुकान बंद ठेवून दोघे कुठेतरी जाऊ. (वचन द्यायला कापड लागत नाही.) अखेर मुलीचे पत्र आले. नवे घर बांधून झाले आहे, आता तरी या. मुलगी दोन दिवसांच्या वाटेवर, पादत्राणे बनवणाऱ्या एका कारागिराच्या घरी दिली होती. लग्नाआधी मास्तर आणि बाई दोघेही सायकल चालवीत. मास्तर कात्री खाली ठेवून म्हणाले, "सायकलीनं जाऊ."

निर्णय एवढाच होता.

लांबच्या प्रवासाची सायकल अंगच्या मापानेच घ्यावी, असे सायकलवाल्याने बजावले. त्याने बाईंना अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे केले, पायांमध्ये धरायला एक जाड पुस्तक दिले, आणि खूण करायला पेन्सिल देऊन स्वतः तोंड फिरवले. दोन मिनिटांत काम झाले.

"आता तुम्ही, मास्तर."

"माझं माप तुम्ही घेणार?"

"मग कोण घेणार?"

मास्तर तडक घरी आले आणि त्यांनी स्वतःच टेप लावली. पाय एकोणतीस इंच भरला. चिठ्ठीवर त्यांनी एकतीस लिहिले.

पुढेमागे सोडता यावे म्हणून शिवणीत जे जादा कापड आत दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तरांच्या हातच्या कपड्यांत दोन इंच माया ठरलेली. नेमक्या मापाची वस्तू म्हणजे मनाची कंजुषी, असे त्यांचे मत होते. (स्वतःच्या विजारी ते दुकानात उरलेल्या कापडातून शिवीत. ते कोणाचे उरलेले, हे विचारण्याचे हे स्थळ नव्हे.)

"एकतीस?" सायकलवाल्याने चिठ्ठीवरून नजर वर केली. "दिसायला एकोणतीस वाटतात."

"मी माणसं डोळ्यांनी मोजत नाही."

सायकल आली. मास्तर तिच्या दांडीवर पाय टाकून उभे राहिले. एक पाऊल टेकले की दुसरे उचलले जाई.

"मोठी होतेय, मास्तर."

"पहिल्या धुण्यात बसेल," मास्तर म्हणाले. जिभेलाही सवय असते.

घरी बाई म्हणाल्या, "अहो, बदलून घ्या. तो देतो म्हणालाय."

"आणि शिंप्याला स्वतःचं माप कळलं नाही, हे गावभर होऊ दे? उद्या कापड कोण टाकेल माझ्याकडे?"

"मग जाणं राहिलं म्हणा की. माझ्या सवयीचं आहे."

हे शेवटचे वाक्य सुईसारखे आत गेले. "राहणार नाही," मास्तर म्हणाले.

देवाचे नाव घेऊन ते दुकानाच्या ओट्यावरून सायकलीवर बसले आणि निघाले. चालती सायकल कोणालाही पेलते. अहंकाराप्रमाणे तिचीही परीक्षा थांबताना होते. बाई पुढे जाऊन टेकायच्या जागा शोधू लागल्या.

"अहो, पुढं पुलाला कठडा आहे! पाणी प्यायचं तर तिथं!"

मास्तर तहान लागेल तेव्हा नव्हे, कठडा येईल तेव्हा पाणी पीत. एका चौकात त्यांनी उभ्या ट्रकला हात टेकला. ट्रक निघाला. मास्तरही त्याच्याबरोबर बरेच अंतर गेले. दिशा ट्रकची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीची गल्ली आली. वस्ती नवी, घरे जमिनीलगत. ओटा नाही, पायरी नाही, कुंपणही नाही. बाई उतरल्या. मुलीने त्यांना मिठी मारली. मास्तर पुढे निघून गेले.

"बाबा, थांबा ना!"

"आलोच," म्हणून मास्तर कोपऱ्यावरून वळले आणि घरांना वळसा घालून पुन्हा आले.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे! पण तुम्ही चाललात कुठं?"

याचे उत्तर तिसऱ्या फेरीत मिळाले. "इथंच!"

"आई, बाबांना काय झालंय?"

"काही नाही. ओटा शोधताहेत." बाईंनी चहाचा कप उचलला.

चौथ्या फेरीला शेजारी बाहेर आले. पाचव्या फेरीला मास्तरांना धाप लागली. "अगं, स्टूल आण!"

"आणते," बाई म्हणाल्या. "आधी म्हणा, माप चुकलं."

मास्तर ताठ मानेने निघून गेले. ती फेरी सर्वांत लांबली. वळणाआडून नामस्मरण ऐकू येत होते.

"चुकलं," ते जाता जाता पुटपुटले.

"ऐकू नाही आलं!"

पण तोवर ते पुढे गेले होते. सातव्या फेरीला सगळ्या गल्लीने ऐकले : "माप चुकलं! माझंच चुकलं!"

जावयाने स्टूल आणून रस्त्यात धरले. मास्तर त्यावर उतरले आणि काही वेळ तिथेच बसून राहिले.

जावयाने सायकल पाहिली, मग सासऱ्यांचे पाय पाहिले. "मामा, ही काही कापून लहान होत नाही. तुम्हालाच वाढवतो." त्याने मास्तरांच्या बुटांना दोन इंचांचे तळवे बसवले.

परतीच्या वाटेवर मास्तर कुठेही थांबले, विनाकारणही थांबले. प्रत्येक वेळी दोन्ही पाय जमिनीला टेकत. बाई हसत होत्या. अठ्ठावीस वर्षांचे वचन पुरे झाले होते. दोन इंच उंच होऊन मास्तर आपल्या दुकानात शिरले. माप द्यायला थांबलेल्या गिऱ्हाइकांनी आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिले, मग पायांकडे. विजार नेहमीपेक्षा जमिनीपासून दोन इंच वर लोंबत होती.

"सोडा की खालून," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी विजारीची दुमड उलटून पाहिली. ती उरलेल्या कापडाची; आत बोटभरही जादा कापड नव्हते.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "होती नव्हती ती माया सायकलीत घातलीत."